सांगलीतली २०१७ ची स्विफ्ट: बघायचं काय आणि द्यायचे किती

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही सांगलीत शिक्षिका आहात, शाळा घरापासून दहा किलोमीटरवर आहे, पहिलीच गाडी घेताय आणि साडेचार लाखांपर्यंत तयारी आहे. ओळखीतून २०१७ ची पेट्रोल स्विफ्ट, व्हीएक्सआय म्हणजे मधलं मॉडेल, आली आहे. पासिंग एमएच-१० म्हणजे सांगलीचंच, सध्याचा मालक दुसरा, मीटरवर ५८ हजार. मालक ४ लाख ४० हजार म्हणतोय, आणि ‘दोन दिवसांत टोकन द्या, दुसरी पार्टी तयार आहे’ असंही सांगतोय. तेवढ्याच पैशांत २०१५ ची डिझेल डिझायर मिळते आहे, तर ती बरी का, हेही तुम्ही विचारलंय.

डिझेलचं आधी संपवतो. जाऊन-येऊन रोज वीस किलोमीटर म्हणजे महिन्याला पाचशे. एवढ्याशा रनिंगला डिझेल परवडत नाही. ॲव्हरेजमध्ये जे वाचेल ते एका इंजेक्टरच्या किंवा टर्बोच्या कामात निघून जाईल. डिझेल गाडी लांब पल्ल्याला चालवणाऱ्यानं घ्यावी. तुम्ही पेट्रोलच बघा.

आणि टोकन आत्ता देऊ नका. दुसरी पार्टी खरंच असेल तर तिला घेऊ दे. २०१७ च्या स्विफ्ट बाजारात भरपूर आहेत, ही गेली तर पंधरा दिवसांत दुसरी दिसेल.

४ लाख ४० हजार जास्त की कमी, हे गाडी बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. कोल्हापुरात उद्यमनगरच्या गॅरेजमध्ये मी आयुष्य काढलं. एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या दोन स्विफ्ट शेजारी शेजारी उभ्या असतात. एकीचे चार लाख आनंदानं द्यावेत आणि दुसरी अडीचलाही घेऊ नये, अशी परिस्थिती असते. वर्ष, मॉडेल आणि किलोमीटर यांवरून किमतीचा नुसता अंदाज येतो. खरी किंमत ठरते ती तीन प्रश्नांवर. गाडी कुठे जोरात आदळलेली आहे का? पाण्यात बुडालेली आहे का? आणि पुढच्या वर्षभरात ती किती खर्च मागणार आहे? पहिल्या दोनपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर किमतीची बोलणीच करू नका, निघून या. कितीही स्वस्त मिळाली तरी. तिसऱ्याचं उत्तर रुपयांत काढायचं आणि किमतीतून वजा करायचं.

गाडी बघायला जाण्याआधी कागद बघा, ते घरबसल्या होतं. एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, आहे का, हे दिसतं. बोजा दिसत असेल आणि मालक ‘कर्ज कधीच फिटलंय’ म्हणत असेल, तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय एक रुपयाही पुढे करू नका. कर्ज फिटलेलं असतं पण आरसीवरचा, म्हणजे नोंदणीपत्रावरचा बोजा उतरवायचा राहून गेलेला असतो, असं पुष्कळदा होतं. पण ते काम मालकाचं, तुमचं नाही. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर ई-चलान बघा. थकलेला दंड मालकानं भरायचा, किंवा तेवढे पैसे कापून घ्यायचे.

आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्षही छापलेलं असतं, ते नीट वाचा. डिसेंबर २०१६ मध्ये बनलेली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये पासिंग झालेली गाडी विकताना ‘२०१७ ची’ म्हणूनच सांगितली जाते. फसवणूक म्हणता येणार नाही, पण पुढे तुम्ही विकायला काढाल तेव्हा समोरचा हेच बोट ठेवून भाव पाडेल. मग आज तुम्हीही पाडा. गाडीवर ठोकलेला चॅसी नंबर मालकाला दाखवायला सांगा आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. सतरा अक्षरं असतात, मारुतीचा नंबर ‘एमए३’ नं सुरू होतो. आकड्यांच्या आसपास घासल्याच्या, वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर तिथूनच परत फिरा.

या गाडीबद्दल आणखी एक. २०१७ ची स्विफ्ट म्हणजे जुन्या आकाराची, २०११ मध्ये आलेली पिढी. नवा आकार फेब्रुवारी २०१८ मध्ये आला. त्या जुन्या पिढीत व्हीएक्सआयला एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) ऑप्शनल होत्या. सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्यामुळे तुमच्या समोरच्या गाडीत एअरबॅग असेलच असं धरू नका. स्टिअरिंगच्या मधोमध आणि डाव्या बाजूला डॅशबोर्डवर ‘एसआरएस’ अशी अक्षरं असतात, ती शोधा. चावी फिरवली की मीटरमध्ये एअरबॅगचा लाल दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. ‘एसआरएस’ लिहिलेलं असूनही तो लागलाच नाही, तर कुणीतरी तो काढून ठेवलाय, आणि त्याचा अर्थ एअरबॅग एकदा फुटून गेली आहे असा असू शकतो. दोन गाड्यांत सगळं सारखं असेल, तर एअरबॅगवालीला मी पंधरा हजार जास्त देईन आणि तुम्हीही द्यावेत.

आता बॉडी. इथे वेळ घालवा, कारण इंजिन दुरुस्त होतं, वाकलेली चॅसी पूर्वीसारखी होत नाही. गाडी दिवसा, उन्हात बघा. पावसात किंवा नुकती धुतलेली, ओली गाडी बघू नका, ओल्या पत्र्यावर रंगातला फरक दिसत नाही. संध्याकाळी दिव्याखाली तर अजिबात नको. मागच्या कोपऱ्याशी वाकून उभं राहा आणि गाडीच्या कुशीवरून पुढे नजर टाका. कंपनीचा पत्रा सरळ दिसतो, पुट्टी भरलेल्या जागी उजेड लहरतो. दरवाजा आणि फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) यांमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का बघा. एक हेडलाइट पिवळट आणि दुसरा नवाकोरा असेल, तर त्या बाजूला काहीतरी घडलेलं आहे. काचांच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का आणि वर्षाची खूण असते. सगळ्या काचा एकाच वर्षाच्या आसपासच्या हव्यात. पुढची काच दगड लागून बदलली असेल तर ठीक, पण दरवाजाची काच वेगळी निघाली तर तो दरवाजा दुरुस्तीला का उघडला होता ते विचारा.

नंतर बोनेट उघडा आणि बिजागऱ्यांच्या व फेंडरच्या बोल्टांकडे अगदी जवळून बघा. कंपनीत बोल्ट बसवल्यावरच गाडीला रंग मारलेला असतो, म्हणून बोल्टच्या डोक्यावरही बॉडीचाच रंग असतो आणि कडा अखंड असतात. एकदा का त्याला पाना लागला की सहा कोपऱ्यांवरचा रंग उडतो आणि खालचा धातू चमकायला लागतो. काही रंगारी नंतर ब्रशनं टचअप करतात; मग रंग बोल्टच्या खाली पत्र्यावरही पसरलेला दिसतो. फेंडर कधीतरी काढला होता एवढ्यावरून गाडी वाईट ठरत नाही. सांगलीच्या रस्त्यावर आठ-नऊ वर्षं चाललेल्या गाडीचा एखादा फेंडर, एखादा बंपर रंगवलेला असणारच, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते त्याच्या आतल्या भागाला. फेंडरच्या आत, शॉकअपचं वरचं टोक जिथे बसतं तो एप्रन, त्याच्या खालून पुढे जाणाऱ्या दोन चॅसीच्या पट्ट्या, काचेच्या दोन्ही बाजूंचे पिलर आणि छत. दरवाजाभोवतीचं रबर हातानं ओढून थोडं खाली घ्या, ते सहज निघतं आणि दाबलं की परत बसतं. आत पत्र्याच्या कडेला सारख्या अंतरावर छोटे गोल खड्डे दिसतील, ते कंपनीचे स्पॉट वेल्डिंग. तिथे खड्ड्यांऐवजी ओबडधोबड वेल्डिंगची ओळ दिसली, ग्राइंडर मारलेला दिसला किंवा खड्डे पुट्टीनं बुजलेले असले, तर त्या गाडीचा पिलर कापून जोडलेला आहे. पुन्हा अपघात झाला तर हा जोड काय करील याची खात्री कुठलाही वेल्डर देऊ शकत नाही. मुलांना घेऊन बसायचं आहे त्या गाडीत.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र हल्ली बऱ्याच गॅरेजमध्ये असतं. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो, दुसऱ्यांदा मारलेला दोनशेच्या पुढे जातो, पुट्टी असली तर पाचशे-हजार. छतावर आणि पिलरवर दीडशेच्या आत आकडे आले की माझा अर्धा जीव भांड्यात पडतो.

डिकीतली गादी उचलून स्टेपनी काढायला विसरू नका. मागून ठोकर बसलेली गाडी तिथे सापडते: तळाचा पत्रा सुरकुतलेला असतो आणि सीलंट कंपनीसारखं सरळ न लागता बोटानं फासलेलं असतं.

आता पाणी. ताई, तुमच्या बाबतीत हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण २०१७ ची एमएच-१० गाडी म्हणजे तिनं ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही महापूर बघितलेत. त्या दिवसांत गाडी कुठे उभी होती, हा प्रश्न मालकाला सरळ विचारा. आणि तो दुसरा मालक आहे, म्हणून पहिल्या मालकाचा पत्ता आरसीच्या किंवा विम्याच्या जुन्या कागदावर बघा. गावभागात नदीकडेला राहणारा असेल तर दुप्पट काळजीनं बघा. विश्रामबागेतला असेल तरी तपासणी सोडू नका, गाडी त्या दिवशी कुठल्या नातेवाइकाकडे होती हे पत्ता सांगत नाही. हेच चिपळूणच्या एमएच-०८ गाड्यांना लागू, आणि सप्टेंबर २०२३ नंतर नागपूरच्या गाड्यांनाही. बुडालेल्या गाड्या विमा कंपनीकडून लिलावात निघतात, कुणीतरी घेऊन धुऊन-पुसून उभ्या करतो आणि त्या दोनशे किलोमीटर लांबच्या गावात विकल्या जातात. त्यामुळे पूर न आलेल्या गावातली गाडीसुद्धा तपासायचीच.

वास घालवता येतो, सीट कव्हर नवीन टाकता येतात. सीटबेल्ट मात्र सहसा कुणी बदलत नाही. एका कुटुंबाची एर्टिगा माझ्याकडे बघायला आली होती, आतून इतकी स्वच्छ की घेणारा हरखून गेला होता. मी मधल्या रांगेतला बेल्ट धरला आणि ओढत ओढत शेवटपर्यंत बाहेर काढला. वरचा हातभर पट्टा काळाभोर, आणि जो भाग एरवी कायम आत गुंडाळलेला असतो तिथे एक तपकिरी रेघ, त्याच्या खाली सगळा पट्टा मातकट आणि कडक. नखानं खरवडलं तर वाळलेला गाळ निघाला. पाणी कुठवर चढलं होतं ते त्या रेघेनंच सांगितलं. सगळे बेल्ट असे पूर्ण ओढून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

सीट ज्या पट्ट्यांवर पुढे-मागे सरकते त्यांच्या खालचे बोल्ट, ब्रेक पेडलचा दांडा, डॅशबोर्डच्या खालून दिसणाऱ्या लोखंडी पट्ट्या, इथे गंज असू नये. गाडीच्या आतला भाग एवढा गंजत नाही, पाणी शिरल्याशिवाय. मोबाइलचा टॉर्च लावून डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समध्ये बघा. पितळी टोकांवर हिरवट पूड जमली असेल तर तिथे पाणी पोहोचलेलं आहे. बुडालेल्या गाडीचं इंजिन उघडून, साफ करून चालतं करता येतं, मी स्वतः केलेली आहेत. पण वायरिंगच्या आत शिरलेला ओलावा वर्ष-दोन वर्षांनी बाहेर येतो. आज पॉवर विंडो बंद, उद्या सेन्सरचा दिवा, परवा रस्त्यात गाडी बंद. कुठल्या जोडात खराबी आहे ते शोधायचीच मजुरी इतकी होते की मालक कंटाळून गाडी विकतो. घेणारा पुढचा माणूस तुम्ही होऊ नका. पुराच्या काळातला विम्याचा क्लेम झाला होता का, हेही विचारा. मालकाच्या जुन्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची हप्त्यातली सूट, २०१९-२० किंवा २०२१-२२ मध्ये अचानक शून्यावर आलेली दिसली तर त्याच्या आधीच्या वर्षभरात बहुधा क्लेम घेतला गेलाय. कशासाठी, ते कागदानिशी सांगायला हवं.

मीटरकडे वळू. आठ वर्षांच्या वर वय आणि ५८ हजार म्हणजे वर्षाला सात हजारांच्या आसपास. गावात चालणाऱ्या कुटुंबाच्या गाडीला हे न पटण्यासारखं नाही. पण मीटर मागे घेणं हे आज पंधरा मिनिटांचं काम आहे, म्हणून आकड्यावर विश्वास न ठेवता गाडीच्या बाकी खुणा तोच आकडा सांगतात का ते पाहायचं. मारुतीची सर्व्हिस दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला असते आणि अधिकृत वर्कशॉपमध्ये झालेली प्रत्येक सर्व्हिस त्यांच्या कॉम्प्युटरवर किलोमीटरसकट नोंदलेली असते. मालकाला बरोबर घेऊन वर्कशॉपमध्ये जा आणि तो इतिहास मागा. २०२१ मध्ये ६१ हजारांची नोंद आणि आज मीटरवर ५८ हजार, असं निघालं तर संपलं. नोंदी २०२० नंतर अचानक थांबल्या असतील तर गाडी बाहेरच्या गॅरेजला गेली असेल, त्यात वावगं काही नाही, पण मग बिलं हवीत.

टायरवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. स्विफ्टचे टायर चाळीस-पन्नास हजारांपर्यंत जातात. म्हणून ५८ हजार चाललेल्या गाडीवर दुसरा जोड असणं बरोबर आहे. तिसरा असेल तर मीटरला प्रश्न विचारायचा. आणि खाच भरपूर दिसत असली तरी सहा वर्षांवरचा टायर मी चालवायला सांगत नाही, रबर कडक होऊन बाजूला बारीक तडे जातात. क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झिजलेलं, स्टिअरिंग उजव्या बाजूला चकाकणारं, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलेली, आणि मीटर ५८ हजार सांगतोय: असं असेल तर गाडी लाखाच्या वर चाललेली आहे. उलट पेडलचे रबर अगदी नवे असतील, तर ते का बदलले तेही विचारा.

कमी चाललेली म्हणजे चांगलीच, हेही डोक्यातून काढा. वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी मला पुणे-कोल्हापूर नियमित धावलेल्या गाडीपेक्षा जास्त त्रास देते. उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग, कडक झालेली सील, जाम झालेले ब्रेक कॅलिपर, बसलेली बॅटरी.

टॅक्सीतून आलेली गाडीही ओळखता यायला हवी. स्विफ्टमध्ये कमी, डिझायर आणि वॅगनआरमध्ये पुष्कळ. आरसीचा इतिहास बघा, आधी वाहतुकीच्या (व्यावसायिक) वर्गात नोंद होती का. सीएनजी असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी.

इंजिन बघायला जाताना मालकाला आधी सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बोनेटला हात लावा, थंड लागला पाहिजे. गरम गाडीत पुष्कळ दोष झाकले जातात. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला चालू झालं पाहिजे. स्विफ्टच्या या इंजिनला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. चालू केल्यावर एक-दोन सेकंद खडखड होऊन थांबली तर चालेल, ती सुरूच राहिली तर चेन आणि टेन्शनरचं काम काढावं लागेल. सायलेन्सरमधून सकाळी पांढरी वाफ येते आणि गाडी तापली की जाते, तिला धूर समजू नका. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. तो बघायचा असेल तर गाडी तापल्यावर दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा आणि मग एकदम रेस द्या; मागे कुणाला तरी उभं करा. ऑइल भरायचं झाकण उघडा. आतून पिवळट, लोण्यासारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू असताना तिथून भसाभस धूर येत असेल तर पिस्टन-रिंग गेल्यात. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी, स्वच्छ हवं. तांबूस गढूळ पाणी निघालं तर मालकानं वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलंय. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून घ्या. त्यात बिघाडाचे कोड काही नाहीत म्हणून खूश होऊ नका. आदल्या दिवशी कोड पुसले असतील तर स्कॅनरमध्ये ‘मॉनिटर अपूर्ण’, म्हणजे गाडीची स्वतःची तपासणी अजून पुरी झालेली नाही, असं दिसतं, ते मेकॅनिकला बघायला सांगा.

चालवताना एसी, टेप, सगळं बंद ठेवा, काचा बंद ठेवा आणि मालकाला बोलू देऊ नका. सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये हळू जात असताना एकदम ॲक्सिलरेटर दाबा. आवाज वाढला पण गाडी पुढे ओढली गेली नाही, तर क्लचप्लेट संपलीय. खराब रस्त्यावरून तीस-चाळीसच्या स्पीडनं न्या, टकटक आवाज लिंक रॉडचा किंवा लोअर आर्मच्या बुशचा. सरळ मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग एक क्षण सैल सोडा, गाडी एका बाजूला ओढते का बघा. अलाइनमेंट करूनही ओढत असेल तर पुन्हा बॉडीकडे जा. साठ-सत्तरच्या पुढे गुंगुं असा आवाज वाढत गेला तर व्हील बेअरिंग. एसी सगळ्यात शेवटी, गाडी थांबवून, उन्हात लावा.

यातलं तुम्हाला सगळं करता यावं अशी माझी अपेक्षा नाही. कागद, बोल्ट, रबर, सीटबेल्ट, टायर आणि थंड इंजिन, एवढं तुम्ही स्वतः बघा. त्यात गाडी पास झाली तरच तुमच्या ओळखीच्या, मालकाच्या ओळखीच्या नव्हे, मेकॅनिककडे नेऊन लिफ्टवर चढवा. त्याला त्याच्या कामाचे हजार-दीड हजार रुपये द्या आणि आधीच सांगा की गाडी घेतली काय, न घेतली काय, पैसे तेवढेच. सौदा झाला तर कमिशन मिळणार, असा मेकॅनिक तुमच्या बाजूचा राहत नाही. मालक गाडी तपासायला द्यायला नाही म्हणाला तर पुढे जाण्याचं कारण उरत नाही.

आता पैसे. जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या भावाला बांधलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि वरचा सेसही गेला. सगळ्यात स्वस्त नवी स्विफ्ट एक्स-शोरूम ६ लाख ४९ हजारांवरून ५ लाख ७९ हजारांच्या आसपास आली. नवी गाडी सत्तर हजारांनी उतरली, तर नऊ वर्षांची गाडीही थोडी उतरणारच. पण विकणाऱ्याच्या डोक्यात शेजाऱ्यानं वर्षापूर्वी घेतलेला भाव असतो. त्याला हे शांतपणे सांगा.

भाव काढायची माझी रीत अशी. सांगली, कोल्हापूर, पुणे इथल्या २०१६-१७ च्या व्हीएक्सआय पेट्रोलच्या आठ-दहा जाहिराती बघायच्या. सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त दोन-दोन सोडून द्यायच्या. डीलरच्या गाड्या वेगळ्या ठेवायच्या, कारण त्यात त्याचा खर्च, नफा आणि नफ्यावरचा १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. थेट मालकाकडून घेताना तो भाव द्यायचा नाही. समजा थेट मालकांच्या जाहिरातींचा मधला आकडा ४ लाख २० हजार निघाला. जाहिरातीतला आकडा आणि प्रत्यक्ष सौदा यांत पाच-सात टक्क्यांचा फरक पडतोच, म्हणून तीस हजार वजा. उरले ३ लाख ९०.

आता मेकॅनिकनं काढलेली यादी. उदाहरण म्हणून धरा: चार टायर १८ हजार, क्लच सेट मजुरीसकट ९ हजार, पुढचं सस्पेन्शन ८ हजार, ऑइल-फिल्टर-ब्रेकची पूर्ण सर्व्हिस ६ हजार. एकूण ४१ हजार. हे सगळे मालकाच्या माथी मारता येणार नाहीत. त्या वयाच्या गाडीत थोडाफार खर्च असतोच आणि तो बाजारभावात आधीच धरलेला आहे. मी टायर आणि क्लच पूर्ण धरतो, बाकीचं निम्मं. म्हणजे २७ अधिक ७, असे ३४ हजार. गाडीची किंमत आली ३ लाख ५६ हजार. तुम्ही साडेतीनला सुरुवात करा आणि ३ लाख ६५ च्या पुढे जाऊ नका. सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी सलग असतील, टायर-क्लच चांगले निघाले आणि एअरबॅग असतील, तर हीच गाडी ४ लाखांना घेतली तरी मी तुम्हाला चुकलात असं म्हणणार नाही. ४ लाख ४० मात्र या हिशेबात कुठेच बसत नाही.

बोलणी करताना गाडीला नावं ठेवू नका. माणसानं ती प्रेमानं वापरलेली असते, अपमान झाला की तो आकडा धरून बसतो. यादी आणि अंदाजपत्रक कागदावर पुढे ठेवा. आणि साडेचार लाखांची तयारी आहे हे त्याला कळू देऊ नका. त्यातले चाळीस-पन्नास हजार पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला राहिलेच पाहिजेत. कर्ज काढणार असाल तर जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्यापेक्षा चढा असतो, तो धरून हिशेब करा.

आणखी एक मोह येतो तो दिल्लीच्या गाड्यांचा. तिथे जुन्या डिझेल-पेट्रोल गाड्यांवर वयाच्या मर्यादा आल्यापासून त्या स्वस्तात इकडे येतात. एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्यानं भरणं, नवा नंबर, हे सगळं धरलं की स्वस्ताई उरत नाही, आणि इतिहास तपासायला तुम्ही दिल्लीला जाणार नाही. एमएच-१० ची गाडी तुम्हाला सोयीची आहे, आरटीओ तेच असल्यानं एनओसी लागणार नाही.

सौदा ठरला की पैसे बँकेतून द्या आणि गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या त्याच दिवशी घ्या. आरसी, विमा, दोन्ही चाव्या आणि सर्व्हिस पुस्तक ताब्यात घ्या. दुसरी चावी ‘शोधून देतो’ म्हणाले तर नव्या चावीचे पैसे कापा. नावावर करायचा अर्ज तीस दिवसांत झाला पाहिजे. पाच-दहा हजार ट्रान्स्फर पूर्ण झाल्यावर द्यायचे असं लिहून ठेवलं तर मालकही आरटीओच्या कामात टाळाटाळ करत नाही. त्याच्याही हिताचं आहे हे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याकडूनच मागितली जाते. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सह्या करा, त्या वेळेच्या आधीची चलानं त्याची, नंतरची तुमची.

विमा चौदा दिवसांत तुमच्या नावावर करायला टाका. मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा असतो. त्यामुळे फरकाचा हप्ता भरावा लागेल, तोही हिशेबात धरा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का तेवढं बघून घ्या. आणि काचेवरचा फास्टॅग मालकाला बंद करायला सांगून तुमच्या नावाचा नवा घ्या, नाहीतर किणी टोलनाक्यावर पैसे त्याच्या खात्यातून जातील आणि फोन तुम्हाला येईल.